उणे शून्य

माणूस मेला की त्याचं भूत होतं असं म्हणतात. वीणा टिकेकरच्या बाबतीत भूत आधी झालं आणि माणूस चार वर्षांनी गेला.

तिचे सर, उमाकांत सबनीस, तेव्हा बेंगळूरला बसवनगुडीतल्या आपल्या घरी धडधाकट होते. सकाळी गांधी बाजारातून फुलं आणायचे, कोपऱ्यावर उभ्यानंच कॉफी प्यायचे, घरी येऊन वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायचे. आणि इकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या खगोल संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, वीणाच्या डाव्या खांद्यामागे त्यांचा आवाज यायला लागला होता. आवाज म्हणजे काही वाक्यबिक्य नव्हे. नुसतं "हं?", शेवटी किंचित वर चढलेलं.

भुतांना म्हणे रात्र लागते, पिंपळ लागतो, अमावास्या लागते. या भुताचे असले लाड नव्हते. भर दुपारी तीन वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात, शेजारच्या टेबलावर कुणी चित्रान्नाचा डबा उघडून बसलेलं असताना ते यायचं. त्याला फक्त एक गोष्ट लागायची. वीणाच्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडलेली हवी, 'लक्ष्याचे निर्देशांक भरा' असं सांगणारी. तिची बोटं आकड्यांवर गेली की मागून "हं?" व्हायचं. पहिल्या वेळी तिनं वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीला लागून सरांची रिकामी खुर्ची. तेव्हापासून तिनं वळून बघणं सोडलं. खुर्ची हलवायला मात्र तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी आपणहून हलवलीही नाही.

आता ही चौकट काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आकाशात काही तारे क्ष-किरण फेकतात. ते किरण हवेतून खाली येत नाहीत, म्हणून वर उपग्रह पाठवावा लागतो. उपग्रह एकेका किरणाची वेळ टिपतो आणि खाली पाठवतो. पण उपग्रह पृथ्वीभोवती फिरतोय, पृथ्वी सूर्याभोवती. आपण कधी त्या ताऱ्याच्या थोडे जवळ असतो, कधी लांब, म्हणून किरण कधी लवकर पोचतो तर कधी उशिरा. ही लवकर-उशिराची गडबड निस्तरायची तर सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की बाबा रे, तारा आकाशात नेमका इथे आहे, विषुवांश इतका, क्रांती इतकी, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांशच. जागा चुकली की वेळा चुकतात. आरतीला एकेकानं आपापल्या लयीत टाळ्या वाजवल्या तर नुसता गलका होतो, तसं. ताल असतो, पण ऐकू येत नाही.

बहुतेक वेळा हे आकडे फायलीतच असतात आणि सॉफ्टवेअर ते गुपचूप उचलून घेतं. पण कधीकधी ताऱ्याशेजारी एखादा दांडगा, झगझगीत शेजारी असतो. त्याचा उजेड नको म्हणून दुर्बीण मुद्दाम थोडी बाजूला रोखतात. मग फायलीत लिहिलेली असते दुर्बिणीची दिशा, ताऱ्याची जागा नव्हे. अशा वेळी ती चौकट उघडायची आणि आकडे हातानं भरायचे.

हातानं भरायचे असले की उमाकांत सरांचा एक नियम होता. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं भरायचं, आणि वाचायचं ते मोठ्यानं, मराठीत. त्या गटात मराठी माणसं दोनच, सर आणि वीणा. बाकीचे हसायचे, सबनीसांचे मंत्र सुरू झाले म्हणायचे. सरांना त्याचं काही नव्हतं. "इंग्रजीत आकडे तोंडपाठ असतात. तोंड बोलतं आणि डोकं झोपतं," ते म्हणायचे. "मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर म्हणताना माणूस जागा राहतो." वाचून झालं की त्यांचं ते "हं?" यायचं. म्हणजे पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचलेलं जुळलं की म्हणायचे, "दाब." मगच बटण दाबायचं.

त्यातही एका शब्दासाठी ते हटून बसायचे. आकडा ऋण असला, म्हणजे तारा खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला असला, की नुसतं आकड्याला हात घालायचा नाही, आधी 'उणे' म्हणायचं. "ती एवढीशी रेघ असते, वीणा. डोळा तिच्यावरून घसरतो. जीभ घसरत नाही. उणे म्हण."

पुण्याहून नवी आलेली वीणा सव्विसाव्या वर्षी या माणसाच्या हाताखाली रुजू झाली आणि त्याच्याकडूनच सगळं शिकली. पुढे लग्न झालं, सर्जापूर रोडला घर झालं, केसांत चांदी आली, तरी 'उणे' म्हणताना ती अजून खुर्चीत सरळ बसायची.

मग ते प्रकरण झालं.

सरांना एका अंधुक ताऱ्यात ठोका, म्हणजे किरणांचा नियमित ताल, सापडला. सेकंदाला अडीच ठोके, हृदयाच्या दुप्पट घाईचे. तारा इतका मंद की एका निरीक्षणात काही दिसायचं नाही. पाच महिन्यांत घेतलेली तीन निरीक्षणं एकत्र केली तरच ठोका वर यायचा. दावा मोठा होता. तिथे ठोका असणं म्हणजे पुस्तकातलं एक प्रकरण नव्यानं लिहायला लागणं. मोठा दावा म्हटला की शंकेखोरही आलेच. संस्थेनं समिती नेमली आणि प्रत्यक्ष तपासणीचं काम दिलं वीणाला, कारण यंत्राची खडानखडा माहिती तिला होती आणि ती नाकासमोर चालणारी बाई होती. अट एकच. तपासणी पुरी होईपर्यंत सरांशी त्या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही, त्यांचे कागद बघायचे नाहीत.

म्हणून त्या दिवशी वीणा एकटी बसली. निरीक्षणाच्या मूळ अर्जावरचे आकडे तिनं मनातल्या मनात वाचले. अंश, कला, विकला असले आकडे सॉफ्टवेअरला चालत नाहीत, त्यांचा एक दशांश आकडा करावा लागतो. ते करणारा छोटासा प्रोग्राम तिनं स्वतःच पूर्वी कधीतरी लिहिला होता, आणि हातानं गणित मांडणारे सर सोडले तर सगळा गट तोच वापरत होता. त्यानं दिलेला आकडा तिनं चौकटीत भरला आणि बटण दाबलं. दोन दिवसांनी आलेख आला. सपाट. ठोका नाही, ठोक्याची सावलीसुद्धा नाही. तिनं तीनदा चालवून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

अहवालात सभ्य भाषेत लिहिलं गेलं की दावा केलेला संकेत आढळला नाही. त्याखाली सरांच्या कामातल्या त्रुटींचे अकरा मुद्दे होते. ते समितीनं लिहिले, सही मात्र वीणाचीही होती. कॅन्टीनमध्ये सभ्य भाषा कोण वापरतो? तिथे म्हणू लागले, म्हाताऱ्यानं आकडे जुळवून आणले.

अहवाल फिरला त्या दिवशी सर तिच्या दाराशी आले होते. खांद्याला पिशवी, निघायच्या बेतात. तिच्या टेबलावर तोच अहवाल उघडा पडला होता, अकरा मुद्द्यांचं पान वर. ते आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "वीणा, उणे वाचलंस ना?"

टोमणा मारताहेत, तिला वाटलं. माझ्यातलं उणं काढलंत, आता समाधान झालं ना, असं विचारताहेत. तिची मान वर होईना.

"वाचलं, सर," ती म्हणाली.

त्यांनी पिशवी खांद्यावर सारखी केली. मग "बरं" म्हणाले आणि जिन्यानं उतरून गेले. महिन्याभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आणि पुढच्याच आठवड्यात वीणानं कुठल्याशा दुसऱ्या ताऱ्यासाठी चौकट उघडली, तेव्हा मागून पहिल्यांदा "हं?" झालं.

चार वर्षांनी सर हृदयविकारानं गेले. वीणा भेटायला गेली. सरांच्या बायकोनं, इंदिराबाईंनी, तिला जवळ बसवून कॉफी पाजली, दोषाचा एक शब्द काढला नाही. उलट दर संक्रांतीला त्यांच्याकडून एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इथल्या तिळगुळाची, पुडी न चुकता यायची, वर चिठ्ठी, 'वीणाला.' ती पुडी वीणा घरी नेऊन मुलांना द्यायची. तिच्या स्वतःच्या घशाखाली त्यातला एक तीळ उतरायचा नाही. आपण खरं तेच सांगितलं, मग हे का होतं, असं ती स्वतःलाच विचारायची आणि उत्तर न देता कामाला लागायची.

यंदा संस्थेनं सगळी जुनी निरीक्षणं नव्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढायला घेतली. हे काम अनुषाकडे होतं. अनुषा दोन वर्षांपूर्वी आलेली, इथलीच, बसवनगुडीच्या अलीकडे चामराजपेटेत वाढलेली, कामाला वाघीण. सबनीस प्रकरण तिनं ऐकलंही नव्हतं. कार्तिकातल्या एका रविवारी दुपारी, सुट्टी असूनही दोघी कामावर असताना, ती लॅपटॉप घेऊन वीणाच्या खोलीत आली.

"मॅडम, ही तीन जुनी निरीक्षणं अडतायत," ती म्हणाली. दोघी एकमेकींशी इंग्रजी-हिंदीची खिचडी बोलायच्या. "दुर्बीण बाजूला रोखलेली आहे. निर्देशांक हातानं भरायला सांगतंय. मूळ अर्ज सर्व्हरवर सापडत नाही."

वीणानं निरीक्षणाचा क्रमांक पाहिला. तो तिला पाठ होता. आपल्या घराचा क्रमांक विसरेल, हा नाही. ती उठली आणि रिकाम्या खुर्चीशेजारचं कपाट उघडलं. सरांच्या वह्या तिथे होत्या, तपासणीच्या वेळी बघायला बंदी होती त्या, आणि नंतर बघायचं धाडस झालं नाही त्या. तिसऱ्या वहीत पान सापडलं. निळी शाई, गोल अक्षर.

अनुषानं मान पुढे करून पाहिलं. देवनागरी तिला वाचता येत होती, शाळेत हिंदी होतं. "हे काय लिहिलंय आकड्याच्या आधी? उ-णे? असा शब्द हिंदीत नाही ना?"

"मराठी आहे," वीणा म्हणाली. "मायनस."

"मग रेघ का नाही काढली?"

"रेघेवरून डोळा घसरतो म्हणायचे."

अनुषा हसली. "वाचा मॅडम, मी भरते."

कित्येक वर्षांत वीणानं दुसऱ्या कुणासाठी आकडे वाचले नव्हते. तिनं विषुवांश वाचला. मग क्रांती. "उणे शून्य अंश, तेवीस कला, चाळीस विकला," ती आधी मराठीत म्हणाली, आणि मग अनुषाला कळावं म्हणून इंग्रजीत. म्हणताना तिचा खांदा आपोआप आक्रसला. आता मागून येणार. पण आलं नाही. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाकी काही नाही, आणि तिला आवाज येण्याच्या भीतीहून तो न आल्याची भीती जास्त वाटली.

नवं सॉफ्टवेअर शहाणं होतं. जुना आकडा त्याच्या पोटात कुठेतरी होताच. त्यानं दोन ओळी दाखवल्या. आधीची क्रांती, अधिक ०.३९४४. नवी क्रांती, उणे ०.३९४४. फरक सत्तेचाळीस कला. पुढे जायचं?

"अरेच्चा, आधीच्या कुणी तरी चिन्ह खाल्लंय," अनुषा म्हणाली. तिला गंमत वाटली. "शून्य आहे ना पुढे, म्हणून. प्रोग्राम विचारतो, अंशाचा आकडा शून्यापेक्षा लहान आहे का? उणे शून्य म्हणजे त्याच्या दृष्टीनं शून्यच. लहान नाही. मग उणे गेलं उडत. बाकी सगळ्या ताऱ्यांना बरोबर उत्तर देईल, फक्त तारा विषुववृत्ताखालच्या एका अंशाच्या पट्टीत आला की फसेल. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला सांगतात हे. मॅडम?"

वीणा खाली बसली. ती कुठे बसली ते तिच्या लक्षात आलं नाही. ती सरांच्या खुर्चीत बसली होती.

"पुढे जा," ती म्हणाली.

नव्या संगणकाला दोन दिवस लागत नाहीत. अनुषा खाली जाऊन दोन कॉफी घेऊन आली तोवर आलेख आला होता. सपाट रेघेच्या जागी एक टेकाड, पुढे दरी, पुन्हा टेकाड. सेकंदाला अडीच. सात वर्षं ते त्याच फायलींत होतं. सरांना कॅन्टीनमध्ये नावं ठेवली जात होती तेव्हा होतं, सरांची तिरडी उचलली तेव्हाही होतं, आणि कुणी कान दिला नव्हता.

"मॅडम, हे तर भारी आहे," अनुषा म्हणाली, मग वीणाचा चेहरा बघून नोंदीचं पान उघडलं. हळूच म्हणाली, "नोंदीत दुरुस्तीचं कारण द्यावं लागतं. 'निर्देशांक अद्ययावत केले' एवढं टाकू? बहुतेक ठिकाणी तेच टाकते."

किती सोपं होतं. तीन शब्द. दर महिन्याला असल्या शेकडो नोंदी व्हायच्या, त्या कोण वाचतं? ठोका जगाला मिळेल, शोधकांच्या यादीत सरांचं नाव येईल, आणि चिन्ह कुणी खाल्लं हे कुणालाच विचारावंसं वाटणार नाही. वीणानं ओठ उघडले, हो म्हणायलाच उघडले होते.

"ठेव तशीच," ती म्हणाली. "दाबू नकोस. मी भरते नंतर. आधी मला एके ठिकाणी जायचंय."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, कार्तिकातला शेवटचा. बसवनगुडीत कडलेकाई परिषे, शेंगांची जत्रा. सगळा रस्ता शेंगांच्या ढिगांनी भरलेला, भाजक्या शेंगांचा वास, पिपाण्या, धक्काबुक्की. रिक्षावाल्यानं तिला लांबच उतरवलं, "मुंदे होगल्ला, मेडम," म्हणाला, पुढे जात नाही. लॅपटॉपची बॅग छातीशी धरून ती गर्दीतून चालत गेली. वाटेत तिनं मनाशी वाक्यं जुळवली. काकूंना एवढंच सांगायचं, तारा खरा होता. सॉफ्टवेअरची चूक होती. सॉफ्टवेअर काय, कुणाचंही असतं.

इंदिराबाई पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलत बसल्या होत्या. जन्म बेंगळूरचाच, वडिलांचं चिकपेटेत कापडाचं दुकान, तीन पिढ्या इथे. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की त्यांना स्वतःला शिवण दिसत नसे.

"बा गं वीणा, ये. केवढी गर्दी ना? स्वल्प बस, कॉफी टाकते."

"नको काकू, बसा तुम्ही." वीणा समोर टेकली. भिंतीवर सरांचा फोटो होता, ताजा मोगरा घातलेला. तिनं तिकडे पाहिलं नाही. "एक सांगायला आले होते. सरांचा तो तारा होता ना. तो खरा निघाला. ठोका आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक चूक राहिली होती, ती काल सापडली."

ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं तिनं ते वाक्य म्हटलं.

इंदिराबाईंचे हात थांबले. एक शेंग अर्धी सोललेली राहिली. त्यांनी पदरानं डोळे पुसले, घाईघाईनं नाही, चष्मा पुसावा तसे.

"म्हणजे ह्यांनी खोटं केलं नव्हतं."

"नाही, काकू."

"मला ते माहीत होतं. ह्यांनाच माहीत नव्हतं."

वीणाला कळेना. "म्हणजे?"

"तुम्हां सगळ्यांना वाटतं, लोक बोलले म्हणून हे खचले. लोकांचं ह्यांनी कधी घेतलं गं मनावर? तसं नव्हतं." त्यांनी शेंग खाली ठेवली. "त्या दिवशी घरी आले, चप्पलसुद्धा काढली नाही, इथंच बसले. मला म्हणाले, इंदिरा, एकच शंका होती, तीही फिटली. मला वाटत होतं, आकडे भरताना उणे राहिलं असेल. म्हणून वीणाला विचारलं. ती म्हणाली, वाचलं. वीणा खोटं बोलायची नाही आणि उणे तर ती विसरायचीच नाही, मी शिकवलंय तिला. म्हणजे माझंच चुकलं. मला जे दिसलं ते तिथं नव्हतं."

बाहेर कुणीतरी पिपाणी वाजवली.

"त्या दिवसापासून ह्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला, बघ. कुलूप लावलं का म्हणून रस्त्यातून परत यायचे. गॅस बंद केला का म्हणून मला तीनदा विचारायचे. कोडं सोडवलं की उत्तर माझ्याकडून तपासून घ्यायचे, मला काय कळतंय त्यातलं? म्हणायचे, नसलेलं दिसतं मला, इंदिरा. तू बघ." इंदिराबाई वीणाकडे वळल्या. "तर ते उणेच राहिलं होतं का? सॉफ्टवेअरनं खाल्लं?"

वीणाला आता फोटोकडे बघावंच लागलं. मोगऱ्याखाली सरांचा तोच चेहरा, कान देऊन ऐकत असल्यासारखा. सात वर्षं तिनं तो प्रश्न टोमणा म्हणून उराशी धरला होता, त्याच्या बोचणीत थोडं आपलं समर्थनही शोधलं होतं. आणि त्या माणसानं साधं, कामाचं, आपल्या रोजच्या भाषेतलं विचारलं होतं.

"काकू, सॉफ्टवेअरनं नाही," ती म्हणाली. "तो प्रोग्राम माझा होता. मी लिहिलेला. आणि मी मोठ्यानं वाचलं नाही. एकटी होते, मनात वाचलं. सरांनी विचारलं तेव्हा अहवाल समोर होता, त्यात त्यांचे दोष लिहिले होते. मला वाटलं, ते उणं वाचलंस का विचारतायत. मी त्याचं उत्तर दिलं. मला शब्दच कळला नाही."

"उणे कळलं नाही? तुला?"

"नाही."

इंदिराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर वीणाला बरं वाटलं असतं. त्यात हिशेब लागत नसल्यासारखा गोंधळ होता, आणि मग तो लागला.

"हे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारे," त्या म्हणाल्या. "मला मीठ घातलं का, तेसुद्धा दोनदा. तुला एकदाच विचारलं."

वीणा रडली. आवाज न करता, मोठ्या बाईनं रडावं तशी. इंदिराबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, आणि उठून जा असंही म्हटलं नाही. त्या शेंगा सोलत राहिल्या. टरफलांचा ढीग वाढत गेला. शेवटी म्हणाल्या, "सरी, बरं. आता काय करणार?"

"काय करू, काकू?"

"लिहून दे. जिथं ह्यांचं उणं लिहिलंत, तिथंच लिही."

वीणानं लॅपटॉप उघडला. अनुषानं सोडलेली नोंद तशीच होती, कारणाची चौकट रिकामी, रेघ लुकलुकत असलेली. तिनं लिहायला सुरुवात केली. नोंद त्यालाच जोडली जावी म्हणून समितीच्या अहवालाचा क्रमांक लिहिला, तो चुकीचा ठरतो असं लिहिलं, का ते लिहिलं, आणि खाली आपलं नाव. आधी इंग्रजीत, मग त्याखाली मराठीत, कारण काकूंना दाखवायचं होतं. मग बटणावर बोट नेलं आणि थांबली. इतक्या वर्षांची सवय होती. आधी वाचायचं.

ती सरळ बसली. "क्रांती," तिनं मोठ्यानं वाचलं, "उणे शून्य अंश, तेवीस कला, चाळीस विकला. उमाकांत सबनीस यांचा आकडा बरोबर होता. चिन्ह मी वाचलं नाही. वीणा टिकेकर."

ती मागच्या आवाजाची वाट पाहत होती. मागे काही नव्हतं. समोर इंदिराबाईंनी मान वर केली. चाळीस वर्षं एका माणसाबरोबर राहिलं की त्याच्या लकबी अंगाला लागतात, किंवा जत्रेच्या गलक्यात त्यांना नीट ऐकू आलं नसेल.

"हं?" त्या म्हणाल्या. शेवटी किंचित वर चढलेलं.

वीणा आणखी सरळ बसली. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, सावकाश, एकेक शब्द, आणि 'उणे'वर थांबून. इंदिराबाईंनी ऐकलं, मान हलवली आणि पुढची शेंग हातात घेतली. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर 'दाब' म्हणायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. वीणा थोडा वेळ थांबली. मग तिनं आपलं आपणच दाबलं.